हापशापासून क्रोमॅटोग्रामपर्यंत: पाण्यातल्या आणि तांदळातल्या आर्सेनिकची रूपं मोजताना

दोन हापशांच्या पाण्यात लिटरमागे १०० मायक्रोग्रॅम आर्सेनिक निघालं, म्हणून दोन्हीकडे एकच फिल्टर चालेल असं नाही. एकीकडे ते बहुतांश आर्सेनेट असेल, म्हणजे पाच संयुजेचं. पीएच ७ ला त्यावर ऋण भार असतो आणि अ‍ॅल्युमिना, लोहाची माध्यमं किंवा आयन एक्स्चेंजचं रेझिन त्याला सहज धरतं. दुसरीकडे ते आर्सेनाइट असेल, तीन संयुजेचं. याचा पहिला पीके (ज्या पीएचला अर्धे रेणू भारित होतात तो) ९.२ च्या आसपास, म्हणजे साध्या पिण्याच्या पाण्यात त्यावर भारच नसतो. आयन एक्स्चेंजमधून ते सरळ निसटतं, आरओ पडद्यातूनही आर्सेनेटपेक्षा जास्त सुटतं. त्याला आधी क्लोरीनने किंवा दुसऱ्या ऑक्सिडंटने आर्सेनेट करून घ्यावं लागतं. ‘एकूण आर्सेनिक’ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

हा लेख प्रयोगशाळेत नव्याने आलेल्यांसाठी आणि नमुने गोळा करायला गावात जाणाऱ्यांसाठी आहे. उदाहरण गंगेच्या गाळाच्या प्रदेशाचं घेतलं आहे. पश्चिम बंगालमधले आर्सेनिकबाधेचे पहिले रुग्ण १९८३ मध्ये कोलकात्यात ओळखले गेले. बिहारमध्ये भोजपूर जिल्ह्यातल्या सेमरिया ओझापट्टीचं प्रकरण २००२ मध्ये पुढे आलं. तिथली यंत्रणा ठाऊक असली की नमुना कसा घ्यायचा हे आपोआप कळतं. हिमालयातून आलेल्या गाळाच्या कणांवर लोहाच्या ऑक्साइडचा लेप असतो, आर्सेनिक त्या लेपाला चिकटलेलं असतं. जमिनीखाली ऑक्सिजन संपला की सूक्ष्मजीव सेंद्रिय कार्बन खाताना हा लेप विरघळवतात आणि लोह, आर्सेनिक दोन्ही पाण्यात येतात. म्हणून हे पाणी ऑक्सिजनविरहित, लोहयुक्त आणि बहुधा आर्सेनाइटच जास्त असलेलं असतं.

(महाराष्ट्रातल्या काळ्या पाषाणातल्या विहिरींना या धर्तीच्या आर्सेनिकची झळ सहसा नाही. गडचिरोलीला लागून छत्तीसगडच्या अंबागड चौकी भागात आर्सेनिक सापडतं, पण तिथे ते गाळातून नव्हे, कठीण खडकातून येतं. तिथे लोह इतकं नसेल, पण पुढची पद्धत तीच ठेवा.)

आधी ठरवा: कोणाला शोधताय?

भूजलात मुख्यतः दोघेच: आर्सेनाइट आणि आर्सेनेट. मिथाइल गट चिकटलेली एमएमए (मोनोमिथाइलआर्सोनिक आम्ल) आणि डीएमए (डायमिथाइलआर्सिनिक आम्ल) ही रूपं भूजलात क्वचित आणि थोडी असतात, पण तांदळात डीएमए भरपूर असू शकतं. समुद्री मासळीत आर्सेनोबीटेन भारी पडतं, आणि ते जवळजवळ निरुपद्रवी आहे. मासळीचा नुसता ‘एकूण’ आकडा पाहून घाबरणारे अहवाल म्हणूनच निरर्थक ठरतात. सडक्या अंड्याचा वास येणाऱ्या, सल्फाइडयुक्त पाण्यात थायोआर्सेनेट असतात. त्यांची गोष्ट वेगळी आहे, ती पुढे येईल.

हापशावरची दहा मिनिटं

सगळ्यात जास्त चुका इथे होतात. इथे बिघडलेला नमुना पुढे कोट्यवधींचं यंत्रही दुरुस्त करू शकत नाही.

बिहारमध्ये ज्याला चापाकल म्हणतात त्या हापशाखाली बादली भरून ठेवा आणि बघत राहा. पाणी येतं तेव्हा काचेसारखं स्वच्छ असतं. काही मिनिटांत ते किंचित दुधाळ होतं, मग पिवळसर, आणि तासाभरात तळाशी नारिंगी साका बसतो. विरघळलेलं लोह बाहेरच्या हवेने ऑक्सिडाइज होऊन त्याचा गाळ झाला. पीएच ७ च्या आसपास हे घडायला काही मिनिटं ते अर्धा तास पुरतो, आणि पीएच वाढला की वेग झपाट्याने वाढतो. हा ताजा साका आर्सेनेट हावरटासारखा शोषून घेतो आणि त्याच प्रक्रियेत थोडं आर्सेनाइटही आर्सेनेट होतं. म्हणजे नुसती बाटली भरून आणली तर प्रयोगशाळेत पोचतं ते दुसरंच पाणी: एकूण आर्सेनिक कमी, आर्सेनाइट कमी, आणि तळाशी गाळ.

तयारी आदल्या दिवशीच करा.

बाटल्या अपारदर्शक, ६० मिलिलिटरच्या, एचडीपीई. १० टक्के नायट्रिक आम्लात रात्रभर भिजवून डीआयोनाइज्ड पाण्याने किमान पाच वेळा खळबळून धुवा. नायट्रिकचा अंश मागे राहिला तर तोच आर्सेनाइटला ऑक्सिडाइज करायला मदत करतो, विशेषतः उजेडात. बाटलीवर ५० मिलिलिटरची खूण करा.

ईडीटीएचं द्रावण: डायसोडियम ईडीटीए डायहायड्रेट ४.६५ ग्रॅम, १०० मिलिलिटर पाण्यात. हे १२५ मिलिमोलर होतं. ग्लेशियल अ‍ॅसिटिक आम्ल वेगळ्या कुपीत न्या. दोन्ही एकाच कुपीत मिसळून नेण्याचा मोह होतो, पण तीव्र आम्लात ईडीटीए स्वतःच पांढरा साका होऊन खाली बसतं.

रूपांसाठीच्या प्रत्येक बाटलीत आधीच ०.५ मिलि ईडीटीए घालून ठेवा; ०.२५ मिलि अ‍ॅसिटिक आम्ल मात्र नमुना भरल्यावर लगेच घाला. ५० मिलि नमुना भरल्यावर ईडीटीए सुमारे १.२५ मिलिमोलर आणि अ‍ॅसिटिक आम्ल ८७ मिलिमोलर होतं. ईडीटीए लोहाला बांधून ठेवतं, साका होऊ देत नाही. आम्ल पीएच खाली आणून लोहाचं ऑक्सिडेशन मंदावतं आणि जिवाणूंनाही आवर घालतं. गंगेच्या खोऱ्यातल्या पाण्यात बायकार्बोनेट बरंच असतं, लिटरमागे ४००–५०० मिलिग्रॅमही. तरी या मात्रेत पीएच ४ च्या खालीच येतो. शंका असेल तर एका जादा बाटलीत पीएच पट्टी बुडवून पाहा, खऱ्या नमुन्यात नको.

आता प्रत्यक्ष हापशावर:

१. आधी पाणी उपसा. ३८ मिलिमीटर व्यासाच्या आणि ३० मीटर खोल नळीत सुमारे ३४ लिटर पाणी उभं असतं. तिप्पट उपसायचं म्हटलं तर शंभर लिटर, म्हणजे पंधरा लिटरच्या सहा-सात बादल्या. दिवसभर वापरात असलेल्या हापशाला एवढं लागत नाही. खरी कसोटी ही: तापमान, विद्युतवाहकता आणि पीएच सलग तीन वाचनांत स्थिरावले की नमुना घ्या. हापसणाऱ्याला चहा पाजायला विसरू नका. मधेच थांबून पुन्हा सुरू केलं तर नळीत हवा शिरते.

२. पीएच, वाहकता, ऑक्सिजन आणि रेडॉक्स विभव जागेवरच, शक्यतो बंद फ्लो सेलमध्ये मोजा. उघड्या मगात मोजलेलं रेडॉक्स हवेचं असतं, पाण्याचं नव्हे. सिल्व्हर क्लोराइडचा संदर्भ इलेक्ट्रोड असेल तर आकड्यात साधारण २०० मिलिव्होल्ट मिळवावे लागतात. वहीत ‘दुरुस्त केलेला’ की ‘जसाच्या तसा’ हे लिहून ठेवा.

३. तोटीच्या तोंडाशी पातळ नळी लावून सिरिंज भरा. पाणी उडवत, फेस आणत भरू नका. सिरिंज दोनदा त्याच पाण्याने विसळा, हवेचा बुडबुडा काढून टाका.

४. ०.४५ मायक्रॉनचा फिल्टर लावा, पहिले ५ मिलि फेकून द्या, मग बाटलीत खुणेपर्यंत भरा आणि लगेच अ‍ॅसिटिक आम्ल घाला. लोहाचे अतिसूक्ष्म कण ०.४५ मधूनही जातात. फार लोह असेल तर ०.२ वापरा. फिल्टर दाबायला जड गेला की बदला. जोर लावून फाटलेल्या फिल्टरमधून काय गेलं हे कधीच कळत नाही. बाटली उतू जाऊ देऊ नका, नाहीतर संरक्षक द्रावणच वाहून जाईल.

क्रम महत्त्वाचा आहे: गाळणं आधी, आम्ल नंतर. न गाळलेल्या पाण्यात आम्ल घातलं तर तरंगणाऱ्या कणांवरचं आर्सेनिक विरघळतं आणि ते ‘विरघळलेल्या’त मोजलं जातं.

५. सोबत दोन साध्या बाटल्या घ्या. एक गाळून, २ टक्के नायट्रिकसह, विरघळलेल्या एकूण आर्सेनिकसाठी. दुसरी न गाळता, तसंच आम्ल घालून. लोक पितात ते न गाळलेलंच पाणी, त्यामुळे लिटरमागे १० मायक्रोग्रॅमच्या मर्यादेशी तुलना या दुसऱ्या बाटलीची करायची.

नमुने अंधारात, ४ अंश सेल्सिअसच्या आसपास. बर्फाच्या पिशव्यांनी भरलेली थर्माकोलची पेटी चालते, पण लोहयुक्त पाणी गोठवू नका. वितळल्यावर साका दिसतो. शक्यतो दोन आठवड्यांत विश्लेषण उरका.

सल्फाइडचा वास येणाऱ्या पाण्याला वरचं काहीच लागू नाही. आम्ल घातलं की आर्सेनिक सल्फाइडचा साका पडू शकतो. असं पाणी बिनआम्लाचं, हवा न लागू देता, जागेवरच झटकन गोठवून आणतात आणि ऑक्सिजनरहित पेटीत उघडतात. लोह फार नसेल तरच हे जमतं. नवख्यांनी पहिल्याच फेरीत याच्या मागे लागू नये.

विमा म्हणून: काडतुसाने जागेवरच वेगळं करणं

पाटण्याहून पुण्यापर्यंत नमुना यायला दोन दिवस लागणार असतील, तर हापशावरच दोन रूपं वेगळी करून टाकणं शहाणपणाचं. ऋण आयन धरणाऱ्या तीव्र अ‍ॅनायन एक्स्चेंज रेझिनचं ५०० मिलिग्रॅमचं काडतूस, म्हणजे रेझिन भरलेली छोटी नळी, घ्या. त्यातून ५ मिलि मिथेनॉल, मग ५ मिलि डीआयोनाइज्ड पाणी सोडा. ते ओलंच राहू द्या. मग ताजं गाळलेलं, आम्ल न घातलेलं पाणी मिनिटाला २–३ मिलिलिटरच्या वेगाने, म्हणजे थेंब मोजता येतील इतक्या सावकाश, ढकला. पहिले ३ मिलि फेका, पुढचे १० मिलि गोळा करा आणि त्यात ०.२ मिलि नायट्रिक आम्ल घाला.

काडतुसात ऋण भाराची रूपं, म्हणजे आर्सेनेट आणि एमएमए, अडकतात; डीएमएही पीएच ७ ला बरंचसं अडकतं. खाली येतं ते आर्सेनाइट. आता पुढे त्याचं ऑक्सिडेशन झालं तरी बिघडत नाही, कारण यातलं जे काही मोजलं जाईल ते मुळात आर्सेनाइट होतं. साध्या आयसीपी-एमएसवर (आर्गॉनच्या प्लाझ्मात आयन करून वस्तुमानाने मोजणारं यंत्र) किंवा ग्रॅफाइट भट्टीच्या एएएसवर (प्रकाशाच्या शोषणाने मोजणारं यंत्र) एकूण आर्सेनिक मोजलं की झालं. गाळलेल्या एकूणमधून वजा केलं की आर्सेनेट मिळतं.

मर्यादाही आहे. अशा काडतुसाची क्षमता, म्हणजे ते एकूण किती ऋण भार धरू शकतं ते, ०.३ मिलिइक्विव्हॅलंटच्या घरात धरा, नेमकी पाकिटावर पाहा. बायकार्बोनेट ६ मिलिमोलर असलेलं १३ मिलि पाणी त्यातली ०.०८ वापरतं, ठीक. पण क्लोराइड लिटरमागे १००० मिलिग्रॅम असेल तर तेवढ्याच पाण्यात ०.३७ मिलिइक्विव्हॅलंट येतात आणि जागेसाठी चढाओढ लागते. आर्सेनेट खाली सुटलं की आर्सेनाइटचा आकडा फुगतो. खारं पाणी असेल तर मोठं काडतूस घ्या आणि आर्सेनेट मिसळलेल्या त्याच पाण्यावर एकदा तपासून पाहा.

मानक द्रावणं: इथे मुंगीच्या पावलांनी चाला

आर्सेनेटसाठी सोडियम आर्सेनेट हेप्टाहायड्रेट: लिटरमागे ४.१६५ ग्रॅम घेतलं की आर्सेनिक म्हणून १००० मिलिग्रॅम. आर्सेनाइटसाठी सोडियम मेटा-आर्सेनाइट लिटरमागे १.७३४ ग्रॅम. या दुसऱ्या क्षाराची शुद्धता बाटलीवर ९० टक्क्यांच्या आसपास लिहिलेली असणं नवल नाही, त्यामुळे नुसत्या वजनावर विसंबू नका. दोन्ही साठा-द्रावणांचं एकूण आर्सेनिक प्रमाणित मानकाशी ताडून खरा आकडा बाटलीवर लिहा. डीएमए आणि एमएमए शक्यतो प्रमाणपत्रासह तयार द्रावण म्हणूनच विकत घ्या.

सगळे आकडे ‘आर्सेनिक म्हणून’ लिहा. डीएमएचा रेणू म्हणून १३८ आणि आर्सेनिक म्हणून ७४.९ हा फरक जवळजवळ दुप्पट आहे. दोन प्रयोगशाळांच्या आकड्यांत अशी जवळजवळ दुपटीची तफावत दिसली तर पहिला संशय इथेच घ्या.

साठा-द्रावणं ४ अंशावर, अंधारात. पातळ मानकं रोज ताजी करा. दररोज पहिला रन म्हणून नुसतं आर्सेनाइट सोडा आणि मिळालेल्या आलेखावर, म्हणजे क्रोमॅटोग्रामवर, आर्सेनेटच्या जागी टेकाड (पीक) दिसतं का पाहा. ३ टक्क्यांहून जास्त दिसलं तर द्रावण फेका.

ही द्रावणं तोलताना हातमोजे, फ्यूम हूड आणि तोंडावर मास्क. आर्सेनिक ट्रायऑक्साइडची माणसाला प्राणघातक मात्रा १०० मिलिग्रॅमच्या आसपास असू शकते, म्हणजे चमच्याच्या टोकावर मावेल इतकी. प्रयोगशाळेत चहाचा कप हा विषयच नको.

कॉलम आणि आयसीपी-एमएस

सर्वात रूढ जोडी म्हणजे हॅमिल्टनचा पीआरपी-एक्स१०० हा आयन एक्स्चेंज कॉलम, २५० बाय ४.१ मिलिमीटर, आणि पुढे आयसीपी-एमएस. गार्ड कॉलम वगळू नका, तो लोहाचा मार खातो.

पाण्यासाठी मोबाइल फेज, म्हणजे रूपांना कॉलममधून वाहून नेणारं द्रावण: अमोनियम डायहायड्रोजन फॉस्फेट २० मिलिमोलर, म्हणजे लिटरमागे २.३० ग्रॅम, पीएच अमोनियाने ६.० वर आणा, ०.२ मायक्रॉनमधून गाळा, वायू काढून टाका. प्रवाह मिनिटाला १ मिलि, इंजेक्शन ५० मायक्रोलिटर. क्रम असा येतो: आर्सेनाइट, डीएमए, एमएमए, शेवटी आर्सेनेट. या कॉलमची रिकामी जागा सव्वादोन मिलिलिटरच्या आसपास, त्यामुळे पहिला पीक साधारण अडीच-तीन मिनिटांनी. आर्सेनेट त्याच्या बरंच नंतर, तुमच्या कॉलमच्या वयानुसार ८ ते १२ मिनिटांत. वेळ स्वतःच्या मानकाने ठरवा, छापील आकड्याने नाही. पीएच महत्त्वाचा: डीएमएचा पीके ६.२ च्या आसपास आहे, त्यामुळे ५.८ आणि ६.२ मध्ये डीएमएची जागा सरकते. पीएच मीटर त्याच सकाळी कॅलिब्रेट करा.

आयसीपी-एमएसवर वस्तुमान ७५ पाहा, सोबत ७७. आर्सेनिकचं एकच समस्थानिक आहे, ७५. आणि नेमकं त्याच जागी आर्गॉन व क्लोरीन मिळून झालेला आयन बसतो. क्लोरीनच्या दुसऱ्या समस्थानिकाची आर्गॉनशी जोडी ७७ वर दिसते. ७५ वर पीक आहे आणि त्याच क्षणी ७७ वरही आहे, तर तो क्लोराइड समजा. अशा जोड-आयनांना अडवणारा हेलियमचा कोलिजन सेल चालू ठेवा. मग लिटरमागे ५०० मिलिग्रॅम क्लोराइडचं, आर्सेनिक नसलेलं द्रावण सोडून पाहा. ७५ ची रेषा सपाट राहिली पाहिजे. ऑक्सिजनचा सेल असेल तर आर्सेनिक ऑक्साइड होऊन ९१ वर जातं आणि हा प्रश्न बराच मिटतो. माती-गाळाच्या अर्कात निओडिमियम, समेरियम जास्त असेल तर त्यांचे दुहेरी भाराचे आयनही ७५ वर येतात, आणि तिथे हेलियमचा उपयोग होत नाही. मोबाइल फेजमध्ये थोडं मिथेनॉल असेल तर कार्बनमुळे आर्सेनिकचा सिग्नल वाढतो. ते वापरायचं तर मानकं आणि नमुने दोन्हींत तेवढंच ठेवा.

अंशांकन ०.५, १, ५, १०, २५, ५० आणि १०० मायक्रोग्रॅम/लिटर, चारही रूपांचं. मानकांतही तेवढंच ईडीटीए आणि अ‍ॅसिटिक आम्ल घाला, नाहीतर सुरुवातीच्या पीकांची जागा नमुन्यात हलते. नमुने मोबाइल फेजने पाच ते दहा पट पातळ करा. मोजणी पीकच्या क्षेत्रफळाने, उंचीने नाही.

एक फुकटची तपासणी: आयसीपी-एमएसला रूपाशी फारसं देणंघेणं नसतं, एकसारख्या मोबाइल फेजमध्ये चारही रूपांच्या अंशांकन रेषांचे उतार जवळपास सारखे यायला हवेत. आर्सेनाइटचा उतार इतरांपेक्षा १०–१५ टक्क्यांनी कमी आला, तर यंत्राला दोष देण्याआधी आर्सेनाइटचं साठा-द्रावण तपासा.

बेरीज जुळते का?

रूपांची बेरीज आणि गाळलेलं एकूण यांची तुलना केल्याशिवाय अहवालावर सही करू नका. समजा एकूण १२०, आर्सेनाइट ७८, आर्सेनेट ३५. बेरीज ११३, म्हणजे ९४ टक्के. हे चांगलं. ८० ते १२० टक्क्यांत चालतं.

एकूण १२० आणि बेरीज ७० आली तर? आधी बाटली उजेडाला धरून तळ पाहा. नारिंगी कडी दिसली तर आर्सेनिक तिथेच बसलं आहे. त्या बाटलीत नायट्रिक घालून, रात्रभर ठेवून एकूण मोजा, हरवलेलं परत येतं. तळ स्वच्छ असेल तर संशय कॉलमवर: एक नमुना कॉलम काढून सरळ सोडा आणि कॉलममधून आलेल्या सगळ्या पीकांच्या बेरजेशी ताडा. कॉलममधलं कमी आलं तर आर्सेनेट आत अडकतंय. लोह साचलेल्या कॉलमवर आर्सेनेटचा पीक आधी शेपूट काढतो, मग उशिरा येतो, मग लहान होतो. गार्ड बदला, तरीही सुधारलं नाही तर कॉलम डिटेक्टरपासून सोडवून कंपनीने सांगितलेल्या सौम्य आम्लाच्या धुण्याने धुवा.

दर दहा नमुन्यांमागे एक दुहेरी (तोच नमुना दोनदा) आणि एक ब्लँक (आर्सेनिक नसलेलं पाणी), आणि दर खेपेला हापशावरच दोन स्पाइक, म्हणजे मुद्दाम मिसळलेली ठाऊक मात्रा: एका बाटलीत आर्सेनाइट, दुसरीत आर्सेनेट, दोन्ही नमुन्याइतक्याच प्रमाणात. आर्सेनाइटचं स्पाइक प्रयोगशाळेत आर्सेनेट होऊन पोचलं तर तुमची वाहतूक बिघडलेली आहे. हे स्पाइक प्रयोगशाळेत घालण्यात काही अर्थ नाही, तेव्हा प्रवास संपलेला असतो.

तांदूळ

इथे प्रश्न थोडा सोपा आहे, कारण मर्यादा अकार्बनी आर्सेनिकच्या, म्हणजे आर्सेनाइट आणि आर्सेनेटच्या, बेरजेवर आहे. कोडेक्सची (आंतरराष्ट्रीय अन्न-मानकांची) मर्यादा पॉलिश तांदळाला किलोमागे ०.२ मिलिग्रॅम, आणि नुसतं तूस काढलेल्या तांदळाला ०.३५. आर्सेनाइट किती, आर्सेनेट किती याला इथे महत्त्व नाही. त्यामुळे अर्क काढताना दोघांची अदलाबदल झाली तरी चालतं. डीएमए मात्र अकार्बनीत मोडून जाता कामा नये.

तांदूळ बारीक दळा, अर्ध्या मिलिमीटरच्या चाळणीतून जाईल इतका. पोलादी ग्राइंडर असेल तर दोन नमुन्यांमध्ये थोडा कमी आर्सेनिकचा तांदूळ दळून फेका. १ ग्रॅम पीठ ५० मिलिच्या पॉलिप्रॉपिलीनच्या नळीत, त्यात ०.२८ मोलर नायट्रिक आम्ल १० मिलि (६९ टक्के आम्ल सुमारे १८ मिलि घेऊन १ लिटर केलं की ही संहती मिळते). आम्ल ओतताच हलवा, नाहीतर पिठाचे गोळे होतात आणि आतलं कोरडं राहतं. ९५ अंशावर दीड तास, अधूनमधून हलवत. थंड करा, सेंट्रिफ्यूज करा, ०.४५ मधून गाळा.

आता एक पायरी लोक हमखास गाळतात. हा अर्क तीव्र आम्लधर्मी आहे. तसाच सोडला तर कॉलमवर पीएच कोसळतो, पहिले पीक पसरतात. अमोनियाने पीएच ६ ते ८.५ च्या दरम्यान आणा. तांदळासाठी पीएच ८.२५ चं १० मिलिमोलर अमोनियम फॉस्फेट हा मोबाइल फेज रूढ आहे.

पद्धत चालते की नाही याचा निकाल प्रमाणित तांदूळ-पीठ देतं. अमेरिकेच्या निस्ट या मानक संस्थेचं एसआरएम १५६८बी घ्या: एकूण किलोमागे ०.२८५ मिलिग्रॅम, अकार्बनी ०.०९२, डीएमए ०.१८०, एमएमए ०.०११६. यात डीएमए अकार्बनीच्या जवळजवळ दुप्पट आहे. तुमचा अकार्बनी आकडा ०.०९ च्या ऐवजी ०.१५ येत असेल आणि डीएमए त्या प्रमाणात कमी, तर आम्ल किंवा तापमान जास्त झालंय, किंवा आर्सेनाइट आणि डीएमएचे पीक एकमेकांत शिरलेत.

मासळीत हाच कॉलम पीएच ६ ला वापरू नका: आर्सेनोबीटेन आर्सेनाइटच्या अंगावरच येतं आणि निरुपद्रवी आर्सेनिक विषारी म्हणून मोजलं जातं. अर्क काढतानाच थोडं हायड्रोजन पेरॉक्साइड घालून सगळं आर्सेनाइट आर्सेनेट करून टाका. मग अकार्बनी सगळं शेवटच्या, एकट्या पीकात येतं.

आयसीपी-एमएस नसेल तर

हायड्राइडच्या एएएसवरही बरंच जमतं. सोडियम बोरोहायड्राइडने आर्सेनिकचा आर्साइन वायू होतो. सायट्रेट बफरमध्ये पीएच ५ च्या आसपास फक्त आर्सेनाइटचा आर्साइन होतो. तीव्र हायड्रोक्लोरिक आम्लात, आधी पोटॅशियम आयोडाइड आणि अ‍ॅस्कॉर्बिक आम्लाने अर्धा-पाऊण तास क्षपण करून, दोन्हींचा. फरक म्हणजे आर्सेनेट. ईडीटीए घातलेले नमुने इथे चालतात का हे आधी स्पाइकने तपासा. तांदळाला मात्र ही वाट सरळ चालत नाही, कारण डीएमएही अर्धवट हायड्राइड देतं.

आर्साइन हा अतिविषारी वायू आहे. निर्गम नळी हूडमध्येच हवी. कचऱ्याच्या डब्यात उरलेलं बोरोहायड्राइड आणि आर्सेनिकयुक्त आम्ल एकत्र ओतलं तर तोच वायू डब्यात तयार होतो, म्हणून दोन वेगळे डबे ठेवा, झाकणावर मोठ्या अक्षरात लिहा. बेसिनमध्ये काही ओतायचं नाही. धोकादायक कचरा उचलणाऱ्या अधिकृत यंत्रणेकडेच द्यायचं.

रंगपट्टीच्या क्षेत्र-किटमध्येही आर्साइनच तयार होतो, मर्क्युरिक ब्रोमाइडच्या कागदावर पिवळा-तपकिरी डाग पडतो. तो डाग एकूण अकार्बनी आर्सेनिकचा अंदाज देतो, रूप सांगत नाही. कोणत्या हापशावर काडतूस आणि ईडीटीएच्या बाटल्या घेऊन जायचं हे ठरवायला त्याचा चांगला उपयोग होतो. किट वापरताना कागदापाशी नाक नेऊ नका, आणि मोकळ्या हवेत, वारा आपल्याकडून किटकडे जाईल असं उभं राहून उघडा.